शेरा

रजिस्टरला नऊ रकाने.
तारीख, मालक, जनावराचा प्रकार, वय,
रोग, औषध, मात्रा, पावती नंबर,
आणि कडेला, तळहाताएवढा, शेरा.
घाटनांद्र्याच्या दवाखान्यात, श्रेणी दोन,
त्या शेवटच्या रकान्यात कुणी कधी काही लिहिलं नव्हतं.
डॉक्टर मंगळवारी येतात आणि शुक्रवारी.
मधल्या दिवसांत मी लिहायला लागलो.

पहिला शेरा मुलाण्यांच्या शेळीचा.
पोट फुगलं होतं. मी तिचं डोकं मांडीवर धरलं
आणि तिच्या डोळ्यात वाकलो.
तिथं दिसतो तो आपणच, करंगळीएवढा,
म्हणून तिला बाहुली म्हणत असतील, इथवर ठीक.
पण शेळीची बाहुली आडवी असते,
दाराला घातलेल्या अडसरासारखी.
मी लिहिलं : हिला मी झोपलेला दिसतो का?

मग थांबवेना.
कुत्रं बसायच्या आधी तीन गिरक्या घेतं.
फरशीवर कुठलं गवत दाबतं ते?
आणि आपण त्याला हाकलताना हाड म्हणतो,
त्याला जे हवं असतं नेमकं त्याचंच नाव घेऊन.
ते पळतं, चार पावलांवर थांबून मागं बघतं.
भिऊन, की आशेनं?

वाघुळात वाघ कुठला?
नाहीच, शाळेतल्या अंबुताई कुंभार म्हणाल्या,
वल्गुली नावाचा जुना शब्द झिजून झिजून तसा झाला.
वाघ आपल्या कानात होता.

त्यांनीच सांगितलं, महिषी म्हणजे म्हैस
आणि महिषी म्हणजेच पट्टराणी.
मी सोनाबाई हाक्केंच्या म्हशीकडं बघितलं.
डबक्यात बसलेली, शिंगावर बगळा,
सगळी वाडी हाका मारतेय आणि ही रवंथ करतेय.
पटलं.
कोडं पडलं ते राणीचं.

रात्री सापाचं नाव घेत नाहीत,
जनावर निघालं म्हणतात.
मुलाणी म्हणाले, जान असलेलं ते जानवर, एवढाच अर्थ.
मग तिसऱ्या रकान्यात
मालकालाही लिहायला हरकत नव्हती.

मार्चात सांगलीहून तपासणीला उगारे साहेब आले.
अंगठा ओला करून पानं उलटत गेले, आणि थांबले.
हे काय?
शेरे.
शेऱ्यात बरं झालं की मेलं, तेवढंच लिहायचं.
लाल पेनानं त्यांनी शेळी खोडली, कुत्रं खोडलं,
राणीवर जरा रेंगाळून तीही खोडली.
चहा घेतला. डोंगरावरच्या पवनचक्क्या मोजल्या.
जीपमध्ये एक पाय ठेवून म्हणाले,
आमची मांजर खिडकीत बसते,
बाहेर चिमणी दिसली की नुसते दात वाजवते,
कटकट कटकट, आवाज नाही, काही नाही. ते का?
म्हटलं, माहीत नाही. लिहू?
पेन खिशाला लावत म्हणाले, लिहा.
नाव घालू नका.

एक मात्र मी लिहिलेला नाही.
फाल्गुनात सोनाबाईंचं रेडकू गेलं.
त्याच्या कातड्यात भुसा भरून
ते त्यांनी म्हशीपुढं उभं केलं, चार काटक्यांवर.
ती हुंगते. मानेपासून शेपटीपर्यंत चाटते.
जीभ टाक्यांवरून जाते, ते टाके मीच घातलेत.
मग पान्हा सोडते.
तिला कळत नाही,
की कळतं?
बरं झालं, मेलं,
दोन्ही त्या रकान्यात बसेना.

माझं पद व्रणोपचारक.
गावात कुणाच्या जिभेवर चढत नाही,
ड्रेसर म्हणतात.
व्रण म्हणजे जखम, अंबुताईंनी फळ्यावर लिहून दाखवलं,
आणि मराठीत येईतो त्याचा वण झाला.
म्हणजे वाटेत कुठंतरी ती भरली.
किती वर्षं लागली, कुठल्या गावात,
आणि तेव्हा तिथं
ड्युटीवर कोण होतं?